निर्दोषतेचा हट्ट आणि कृपेचा आधार

एखाद्या माणसाची स्तुती करताना आपण सहज म्हणून जातो, ‘त्यांच्या कामात बोट ठेवायला जागा नसते.’ ही स्तुती पुष्कळदा रास्तही असते. पूल बांधणाऱ्या इंजिनिअरने, औषधाची मात्रा ठरविणाऱ्या डॉक्टरने, जमाखर्च लिहिणाऱ्या कारकुनाने चुकीला जपलेच पाहिजे. त्यांच्या ठिकाणी ‘चालायचेच’ ही वृत्ती कोणालाच परवडणार नाही. परंतु या स्तुतीच्या आड कित्येकदा एक दुखणे दडलेले असते आणि ज्याची स्तुती चाललेली असते त्यालाच ते ठाऊक असते. साधे पत्र पाच वेळा लिहून पाच वेळा फाडणारा मनुष्य, ९२ गुण मिळाले तरी उरलेले आठ कोठे गेले म्हणून रात्रभर तळमळणारी विद्यार्थिनी, पंगत तृप्त होऊन उठली तरी आमटीत मीठ अंमळ अधिक पडले होते याची खंत आठवडाभर वाहणारी गृहिणी, आणि ‘अजून एकदा तपासायला हवे’ म्हणत आपला प्रबंध वर्षानुवर्षे कपाटात ठेवणारा पंडित, ही सारी एकाच दुखण्याने पछाडलेली माणसे होत. इंग्रजी शिकलेले लोक याला परफेक्शनिझम म्हणतात. मराठीत याला निर्दोषतेचा हट्ट म्हणता येईल. या हट्टाला ख्रिस्ती धर्मश्रद्धेने काय उत्तर दिले, ते कोठून निघाले आणि व्यवहारात ते कसे चालते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

आरंभीच एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. उत्तमाची ओढ वेगळी आणि निर्दोषतेचा हट्ट वेगळा. काम चाललेले असते तोवर दोन्ही सारखीच दिसतात. त्यांच्यातला फरक कळतो तो चूक घडल्यावर. उत्तमाची ओढ असलेला मनुष्य म्हणतो, ‘हे काम बिघडले, पुन्हा करू.’ हट्टाने पछाडलेला म्हणतो, ‘मी बिघडलो, माझ्यात काही अर्थ नाही.’ पहिल्याची नजर कामावर असते. दुसऱ्याची नजर काम करताना सुद्धा एका अदृश्य न्यायाधीशाच्या चेहऱ्याकडे लागलेली असते. आपले प्रत्येक काम हा त्याला आपल्या लायकीचा पुरावा वाटतो आणि हा पुरावा रोज नव्याने सादर करावा लागतो. कालचा आज चालत नाही. असा मनुष्य कष्टाळू असतो, पण त्याच्या कष्टाच्या मुळाशी कामावरील प्रेमापेक्षा भीती अधिक असते.

आधुनिक मानसशास्त्राने या स्वभावाचा बराच अभ्यास केला आहे. जर्मनीत जन्मलेल्या व पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या कॅरेन हॉर्नाय या विदुषीने १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, ‘मी असेच असले पाहिजे’ या आतल्या हुकमांची जुलूमशाही माणसाला कशी पोखरते ते दाखविले. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली या हट्टाचे तीन प्रकार मांडले : स्वतःकडून निर्दोषतेची अपेक्षा, दुसऱ्यांकडून तीच अपेक्षा, आणि ‘जग माझ्याकडून निर्दोषतेची अपेक्षा करते’ ही समजूत. पुढे थॉमस करन व अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा व ब्रिटन येथील ४१ हजारांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातील उत्तरे एकत्र करून तपासली. हे तिन्ही प्रकार वाढत गेले असून तिसरा सर्वांत अधिक वाढला, असे त्यांना आढळले. म्हणजे तरुण पिढीच्या मनातील तो न्यायाधीश दिवसेंदिवस कठोर होत चालला आहे.

मात्र हे दुखणे आपल्या स्पर्धेच्या युगात जन्मलेले नव्हे. परीक्षा, पगार आणि प्रसिद्धी यांच्या फार आधीपासून ते धर्माच्या घरात वावरत होते आणि त्यावरील उपायाचा शोधही तेथेच झाला. त्या शोधाची सर्वांत प्रसिद्ध कथा मार्टिन ल्यूथर या जर्मन संन्याशाची आहे.

ल्यूथरचा जन्म १४८३ सालचा. बापाची इच्छा मुलाने वकील व्हावे अशी, आणि मुलगा कायद्याचा अभ्यास करूही लागला होता. जुलै १५०५ मध्ये श्टोटर्नहाइम गावाजवळ तो वादळात सापडला. जवळच वीज कोसळली, आणि त्या भयाच्या भरात ‘मी संन्यासी होईन’ असा नवस त्याने संत ॲनाला केला. पंधरा दिवसांतच एर्फुर्टच्या ऑगस्टिनियन मठात तो दाखल झाला. भयातून सुरू झालेली ही साधना पुढेही भयानेच चालली. उपास, जागरणे, थंडीत उघड्याने राहणे, प्रार्थनेचे नेम यांत त्याने कसूर केली नाही. मठाच्या नियमांनी कोणी स्वर्गात जात असता तर मी नक्की गेलो असतो, अशा अर्थाचे उद्गार त्याने पुढे स्वतःच काढले आहेत.

त्याची खरी कोंडी होत असे ती पापकबुलीच्या वेळी. धर्मगुरूपुढे आपली पापे सांगून क्षमा मिळविण्याचा हा संस्कार वर्षातून निदान एकदा तरी प्रत्येकाने घ्यावा, असा नियम रोमन चर्चने १२१५ सालच्या लॅटरन परिषदेत घालून दिला होता. त्यात सर्व पापे सांगणे अपेक्षित होते. सामान्य माणूस आठवेल ते सांगून समाधानाने घरी जाई. ल्यूथर मात्र विचारू लागला : एखादे पाप विसरले तर? एखादे पाप पाप आहे हेच कळले नसेल तर? आणि पश्चात्ताप झाला तो देवावरील प्रेमाने झाला की शिक्षेच्या धाकाने? तो तासन् तास कबुली देत बसे आणि बाहेर पडतो न पडतो तोच आणखी काही आठवून परत येई. त्याचे वरिष्ठ योहान फॉन श्टाउपिट्स हे मायाळू व अनुभवी गृहस्थ होते. या बारीकसारीक खोड्या कसल्या सांगतोस, अशा शब्दांत ते त्याला दटावीत आणि स्वतःच्या आत उकरीत बसण्यापेक्षा क्रुसावरील ख्रिस्ताकडे पाहा, असे समजावीत.

असल्या मनःस्थितीला युरोपीय भाषांत जो शब्द आहे तो लॅटिन ‘स्क्रुपुलुस’ या शब्दावरून आला आहे. त्याचा मूळ अर्थ बारीक टोकदार खडा. वहाणेत शिरलेला खडा दिसत नाही, पण प्रत्येक पावलाला टोचतो, असे हे दुखणे. ते केवळ ल्यूथरलाच होते असेही नाही. त्याच काळात स्पेनमध्ये, पांप्लोनाच्या लढाईत जखमी होऊन साधनेकडे वळलेल्या इग्नेशियस लॉयोला यालाही त्याने १५२२ साली मान्रेसा येथे गाठले. आयुष्यातील सर्व पापे लिहून काढून तीन दिवस त्याने कबुली दिली होती. तरी काहीतरी सांगावयाचे राहिले ही टोचणी जाईना. जीव द्यावा असेही विचार त्याच्या मनात येऊ लागले. शेवटी त्याने या विचारांचे मूळ शोधण्याऐवजी त्यांचे फळ पाहिले. जे विचार निराशेच्या खाईत लोटतात ते देवाकडून आलेले असू शकत नाहीत, असे ठरवून त्याने जुनी पापे पुन्हा उकरणे कायमचे बंद केले. पुढे हाच येशूसंघाचा संस्थापक झाला. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट या दोन पंथांचे हे दोन धुरीण एकाच खड्याने घायाळ झाले होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ल्यूथरची सुटका पुस्तकाच्या मार्गाने झाली. श्टाउपिट्स यांच्या आग्रहावरून तो १५१२ साली डॉक्टर झाला आणि विटेनबर्गच्या विद्यापीठात बायबल शिकवू लागला. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात देवाचे नीतिमत्त्व शुभवर्तमानात प्रकट होते असा विचार आला आहे. ल्यूथरला या शब्दाचा धसका होता. देवाचे नीतिमत्त्व म्हणजे पाप्याला शासन करणारा त्याचा न्याय, असेच तो शिकला होता. आणि असा न्याय ज्या शुभवर्तमानात आहे ते शुभ कसले? १५४५ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्याने सांगितले आहे की, या वाक्यावर रात्रंदिवस चिंतन करताना एके दिवशी त्याचा दुसराच अर्थ त्याला उलगडला. हे नीतिमत्त्व देव माणसाकडून मागत नाही, तर विश्वासाने जवळ येणाऱ्याला देतो. मागणी वाटत होती ती देणगी निघाली.

निर्दोषतेच्या हट्टाला ख्रिस्ती श्रद्धेचे उत्तर हेच आहे, आणि ते सारे एका क्रमात आहे. हट्टी मनुष्याचा क्रम असा : आधी मी निर्दोष होईन, मग माझा स्वीकार होईल. शुभवर्तमानाचा क्रम उलटा : ख्रिस्ताच्या ठायी तुझा स्वीकार आधीच झाला आहे, आता कामाला लाग. निकाल लागून गेल्यावर माणूस जे काम करतो ते खटला जिंकण्यासाठी नसते. म्हणूनच त्यात चूक झाली तर ती सुधारता येते. ती लपविण्याची किंवा तिच्यापायी स्वतःला फाडून खाण्याची गरज उरत नाही.

येथे एक प्रश्न उभा राहतो. स्वीकार झाला, पण दोष तर तसेच आहेत. मग हा स्वीकार खोटा नव्हे काय? रोमकरांस पत्रावर व्याख्याने देताना ल्यूथरने याचे उत्तर एका रोग्याच्या दाखल्याने दिले. वैद्याने ‘तू निश्चित बरा होशील’ असे वचन दिले आहे आणि रोग्याने त्या वचनावर विसंबून पथ्य धरले आहे. हा मनुष्य आजारी म्हणावा की बरा? अंगात रोग आहे म्हणून आजारी; वैद्याच्या खात्रीमुळे बरा. ल्यूथरच्या मते ख्रिस्ती मनुष्य असा एकाच वेळी पापी आणि नीतिमान असतो. पथ्य हे बरे होण्याची किंमत नाही, ते वचनावरील विश्वासाचे रूप आहे. हट्टी मनाला ही दुहेरी अवस्था सहन होत नाही. त्याला एक तर पूर्ण पास व्हायचे असते नाही तर पूर्ण नापास. अपुरेपणाने जगण्याचे बळ कृपेच्या आधाराने येते ते येथे.

दुसरी शंका याहून जुनी आहे. कृपा फुकट मिळते म्हटल्यावर माणूस आळशी व बेफिकीर होणार नाही काय? पौलाने त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात ही शंका स्वतःच उपस्थित करून ठामपणे खोडली आहे. पण युक्तिवादापेक्षा ल्यूथरचे आयुष्यच या बाबतीत अधिक बोलके आहे. वार्टबुर्गच्या किल्ल्यात अज्ञातवासात असताना त्याने साऱ्या नव्या कराराचे ग्रीकमधून जर्मन भाषांतर सुमारे अकरा आठवड्यांत केले. सप्टेंबर १५२२ मध्ये ते छापून निघाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात सुधारलेली दुसरी आवृत्तीही आली. संपूर्ण बायबल १५३४ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतरही मित्रांची मंडळी जमवून तो शेवटपर्यंत त्यात दुरुस्त्या करीतच राहिला. एकेका शब्दासाठी तीन-तीन चार-चार आठवडे शोध घेतला आणि तरी तो कधी कधी सापडला नाही, असे त्याने १५३० साली भाषांतराविषयी लिहिताना नमूद केले आहे. मठातल्या त्या तरुणाच्या हाती हे भाषांतर असते तर ते पेटीतच राहिले असते. मुक्त झालेल्या ल्यूथरने ते अपुरे असतानाच लोकांच्या हाती दिले आणि मग आयुष्यभर सुधारले. त्याची काळजी तसूभरही कमी झाली नाही. गेली ती भीती.

आता बायबलमधील ज्या वचनाचा हट्टी माणसे हटकून आधार घेतात त्याकडे वळू. डोंगरावरील प्रवचनात, मत्तयाच्या पाचव्या अध्यायाच्या अखेरीस, स्वर्गातील पित्याप्रमाणे पूर्ण होण्याची आज्ञा आहे. यावरून निर्दोषतेची सक्ती स्वतः ख्रिस्तानेच केली असे वाटेल. पण तेथील मूळ ग्रीक शब्द ‘तेलेइओस’ हा ‘तेलोस’ म्हणजे साध्य किंवा शेवट यावरून झालेला आहे. पिकलेले फळ, वयात आलेला मनुष्य, आपल्या हेतूला पोचलेली वस्तू, असा त्याचा रोख आहे. शिवाय संदर्भ पाहावा. देव दुष्टांवर आणि सज्जनांवर सारखाच सूर्य उगवितो व पाऊस पाडतो, हे त्याच्या आधीच सांगितलेले आहे. म्हणजे येथील पूर्णता ही डाग नसण्याची नसून वगळणूक नसलेल्या प्रेमाची आहे. लूकाच्या शुभवर्तमानात याच जागी पूर्ण ऐवजी दयाळू हा शब्द आला आहे. जी आज्ञा आपण स्वतःला चाबूक म्हणून वापरतो ती मुळात शेजाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी रुंद करण्यासाठी आहे.

मत्तयाच्याच पंचविसाव्या अध्यायातील दाखला या दुखण्याचे निदान आणखी नेमके करतो. धनी परगावी जाताना तिघा चाकरांकडे आपले द्रव्य सोपवितो. दोघे त्याचा व्यापार करून ते वाढवितात. तिसरा ते जमिनीत पुरून ठेवतो आणि धनी परतल्यावर आहे तसे परत करतो. त्याने पैसा उधळला नाही, चोरला नाही. हिशेबात एक कवडीची चूक नाही. तरी दोष त्यालाच लागतो. असे का केलेस, याचे त्याने दिलेले कारण महत्त्वाचे आहे : धनी कठोर आहे असे त्याने गृहीत धरले आणि तो भ्याला. चूक होऊ नये म्हणून काहीच न करणे हा या हट्टाचा शेवटचा मुक्काम. त्याचे मूळ चाकराच्या कुवतीत नव्हते, धन्याविषयीच्या त्याच्या कल्पनेत होते. म्हणून ख्रिस्ती विचार माणसाला ‘अपेक्षा कमी कर’ एवढेच सांगून थांबत नाही. ‘ज्याच्यापुढे तू उभा आहेस तो कसा आहे ते पुन्हा पाहा’ असे सांगतो.

हा अनुभव आपल्या महाराष्ट्रालाही परका नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यासारख्या व्युत्पन्न, कष्टाळू आणि नेमस्त बाईला धर्माचे आचार कठीण नव्हते. तरीही १९०७ सालच्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे की, ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो मिळाला नव्हता. मनाची ही अशांती सुमारे आठ वर्षे चालली. अखेर स्वतःच्या बळाची सीमा गाठल्यावर, काही अट न घालता त्यांनी स्वतःला देवाच्या स्वाधीन केले, आणि शांती मिळाली ती तेव्हा. त्यानंतर त्या स्वस्थ बसल्या का? केडगावचे मुक्तिसदन, दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली-स्त्रियांचा सांभाळ, आणि हिब्रू व ग्रीक शिकून केलेले बायबलचे मराठी भाषांतर, ही सारी कामे त्या शरणागतीनंतरची आहेत. १९२२ साली त्या वारल्या. सामान्य बायाबापड्यांना समजावे म्हणून सोप्या मराठीत केलेले त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्यासारख्या संस्कृत पंडितेला भाषेचा डौल मिरविणे सहज शक्य होते. वाचणारीला कळावे हे त्यांनी अधिक महत्त्वाचे मानले.

हा विचार रोजच्या जगण्यात उतरविण्याची साधने ख्रिस्ती परंपरेने तयार ठेवली आहेत. पहिले साधन सामुदायिक पापकबुलीचे. उपासनेच्या आरंभी सर्व मंडळी, धर्मगुरूसुद्धा, एका सुरात आपले अपराध कबूल करते आणि क्षमेची घोषणा ऐकते. दर आठवड्याला हे घडते. म्हणजे चूक हा अपवाद नव्हे, हे तेथे गृहीतच धरलेले असते. आणि तीच गोष्ट चारचौघांत उघडपणे बोलली गेल्याने एकट्याच्या मनात कुजत नाही. दुसरे साधन विश्रांतीच्या दिवसाचे. हा दिवस काम संपले म्हणून मिळत नाही. काम अर्धे असले तरी तो येतो आणि हात थांबवावयास लावतो. शिवाय ख्रिस्ती गणनेत रविवार हा आठवड्याचा पहिला दिवस आहे. विसावा आधी, श्रम नंतर, हा कृपेचाच क्रम पंचांगात उतरला आहे. तिसरे साधन संगतीचे. हिएरोनिमुस वेलर या खिन्न झालेल्या तरुण मित्राला ल्यूथरने १५३० साली पत्र लिहिले. त्यात अधिक कठोर साधना सांगितलेली नाही. एकटा राहू नकोस, मित्रांत मिसळ, थट्टामस्करी कर, असाच सल्ला आहे. स्वतःला कोंडून घेणाऱ्या मनाचे पाणी त्याने पुरते जोखले होते.

येथे दोन गोष्टींची सावधगिरी सांगितली पाहिजे. एक म्हणजे, धर्मानेच कित्येकदा हा हट्ट पोसला आहे. देव डोळ्यांत तेल घालून आपल्या चुका टिपीत बसला आहे, असे लहानपणापासून ऐकलेल्या मुलाच्या मनात कृपेचा शब्द सहजासहजी शिरत नाही. असे सांगणारे आईबाप वा उपदेशक त्या तिसऱ्या चाकराचीच समजूत पुढे चालवीत असतात. दुसरी गोष्ट अशी की, ही टोचणी काही जणांत खऱ्याखुऱ्या आजाराचे रूप घेते. तेच तेच विचार, तीच तीच खातरजमा, पुन्हापुन्हा हात धुणे वा कबुली देणे यांत दिवस जाऊ लागला तर तो मंत्रचळाचा विकार असू शकतो आणि त्यावर आज मानसोपचार व औषधे उपलब्ध आहेत. अशा माणसाला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ असे सांगणे म्हणजे त्याच्या वहाणेत दुसरा खडा टाकणे होय. त्याला डॉक्टरकडे नेणे हेही कृपेचेच काम आहे. ल्यूथरची खिन्नता सुद्धा समूळ गेली नव्हती. १५२७ साली तिने त्याला पुन्हा जबर गाठले होते. फरक इतकाच की, आता ती आली म्हणजे स्वतःच्या पुण्याईचा हिशेब मांडीत न बसता तो त्या जुन्या वचनाकडे वळत असे.

त्याच्या हातचा अखेरचा मानला जाणारा मजकूर मृत्यूच्या दोन दिवस आधीचा, फेब्रुवारी १५४६ मधला, एक चिठोरा आहे. पवित्र शास्त्राचा अर्थ पुरता कळला असे कोणीही मानू नये, आपण सारे देवाच्या दारचे याचकच आहो, असा त्याचा आशय. तीसहून अधिक वर्षे बायबल शिकविलेल्या आणि सबंध ग्रंथ आपल्या भाषेत आणलेल्या माणसाने आपले ज्ञान अपुरे आहे हे शेवटी लिहिले, आणि त्यात खंत नाही. याचकाला स्वतःची लायकी सिद्ध करावयाची नसते; हात पुढे करावयाचा असतो. कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेला प्रबंध बाहेर काढावा, अर्धे राहिलेले पत्र चुकांसह टपालात टाकावे, मुलाच्या ९२ गुणांचे तोंड भरून कौतुक करावे, आणि रात्री उरलेले काम उरलेले ठेवून निजावे. ज्याची स्वीकाराची चिंता मिटली आहे त्याला एवढे सहज साधते.